सायकल कुणाच्या मापाची?

मुलांनो, सायकलच्या दुकानात शिरल्यावर तुमचं लक्ष सगळ्यांत आधी कशाकडे जातं? खरं सांगा हं! मी माझ्या सहावीच्या वर्गात हाच प्रश्न विचारला. 'रंग' म्हटल्याबरोबर निम्म्याहून अधिक हात वर झाले. मग गिअर. मग जाड टायर. कुलपाचं नाव एकानेही घेतलं नाही. आणि 'सायकल मला बसते का?' हा प्रश्न तर कुणाच्या डोक्यातच नव्हता.

हे मी का विचारलं, तेही सांगते. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा वर्गातला एक मुलगा कोऱ्या करकरीत सायकलवर आला. झगझगीत हिरवा रंग, एकवीस गिअर, पुढे पाण्याची बाटली. मधल्या सुटीत सगळा वर्ग तिच्याभोवती! पण दुसऱ्याच आठवड्यात स्वारी गुडघा फोडून आली. तिसऱ्या आठवड्यात कोपर. बघते तर काय, सायकल सव्वीस इंची आणि आमचा गडी वर्गात पहिल्या बाकावर बसणारा! थांबायची वेळ आली की त्याचा एकही पाय धड जमिनीला टेकत नव्हता. रस्त्याकडेचा दगड नाहीतर एखादा कट्टा गाठूनच तो उतरायचा. आता समोर अचानक म्हैस आडवी आली, तर कट्टा कुठून आणणार?

त्याचे वडील भेटले तेव्हा मी विषय काढला. ते हसले. म्हणाले, "बाई, पोरगं वाढतंय की! आता त्याच्या मापाची घेतली तर दोन वर्षांनी परत कुठनं आणायची?"

त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे शाळेचा गणवेश असाच घेतात, बूट असेच घेतात. माझी आई माझा फ्रॉक चार बोटं मोठा शिवायची. पण मोठा फ्रॉक घातला म्हणून कुणी रस्त्यात पडत नाही. सायकलचं तसं नसतं. म्हणून ठरवलं, की जी माणसं सायकलवर जीव टाकतात ती आपली सायकल कशी निवडतात, ते मुलांना सांगायचं. आणि मुलांच्या आईबाबांनाही.

अशी माणसं आपल्याकडे खूप आहेत बरं का! मुंबई-पुणे सायकल शर्यतीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यात बोरघाट चढावा लागतो. मोटारी जिथे धापा टाकतात तिथे ही मंडळी पायांच्या जोरावर चढतात. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या दोघा डॉक्टर भावांनी तर २०१५ साली जोडीने अख्खी अमेरिका सायकलवर ओलांडली, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत. 'रेस अक्रॉस अमेरिका' म्हणतात तिला. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर!

असा एखादा शौकीन गाठून त्याला विचारा, "काका, कोणती सायकल घेऊ?" तो कंपनीचं नाव सांगणार नाही. रंग तर नाहीच नाही. तो उलट तुम्हालाच विचारेल, "तुझ्या पायाची आतली लांबी किती?"

ही लांबी मोजायची कशी? सोपं आहे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहायचं. एक पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरायचं आणि सायकलच्या सीटवर बसल्यासारखं वाटेपर्यंत वर सरकवायचं. पुस्तकाची वरची कड भिंतीला जिथे टेकते तिथे दुसऱ्याने पेन्सिलीने खूण करायची. मग जमिनीपासून खुणेपर्यंत टेप लावायची. (पुस्तक अभ्यासाचं घेतलंत तरी चालेल, तेवढंच ते हातात येईल!)

आता एक हिशेब. 'टूर द फ्रान्स' ही जगातली सगळ्यांत मानाची सायकल शर्यत. ती १९८६, १९८९ आणि १९९० अशी तीनदा जिंकणारा अमेरिकेचा ग्रेग लेमाँड याने आपले प्रशिक्षक सिरील गिमार यांच्याकडून शिकलेला एक आकडा लोकांपुढे मांडला. पायाच्या आतल्या लांबीला ०.८८३ ने गुणायचं. जे उत्तर येईल तेवढं अंतर पायडल ज्या आसाभोवती फिरतात त्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवायचं. समजा, तुमचा पाय ६८ सेंटिमीटर आहे. ६८ गुणिले ०.८८३, म्हणजे जवळजवळ ६० सेंटिमीटर. हा आकडा मोठ्यांच्या शर्यतीच्या सायकलसाठी काढलेला आहे, त्यामुळे तुम्ही तो ढोबळ समजा. पण गंमत बघा, जगज्जेता माणूससुद्धा सीटची उंची टेप लावून ठरवतो!

टेप नसली तरी अडत नाही. सीटवर बसा, कुणाला तरी सायकल धरायला सांगा आणि एक पायडल अगदी खाली न्या. त्यावर टाच ठेवल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी पंजा ठेवलात की गुडघा किंचित वाकतो. झाली सीट बरोबर! जे अजून शिकताहेत त्यांनी मात्र सीट खालीच ठेवायची, दोन्ही पाय टेकतील अशी. आणि फ्रेमची उंची बघायची असेल तर सीटच्या पुढे, मधल्या दांडीच्या दोन बाजूंना पाय टाकून उभं राहायचं. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकून दांडी आणि शरीर यांच्यामध्ये निदान दोन इंच जागा राहिली पाहिजे. आमच्या हिरव्या सायकलवाल्याची दोन इंच जागा सोडाच, तो दांडीवर जवळजवळ टांगलेलाच होता.

मापाची ही गोष्ट आजची नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये एक उंच सायकल निघाली होती. पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं, मागचं चाक ताटाएवढं! तिचे पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असत. एक फेरा मारला की चाकाचाही एकच फेरा. म्हणून चाक जितकं मोठं तितका वेग जास्त. पण चाक किती मोठं घ्यायचं? तर पाय पोचेल इतकंच. त्या काळी गिऱ्हाईक पायाच्या मापाने चाक निवडत असे, आपण चप्पल निवडतो तसं. पण एवढ्या उंचावर बसल्यावर समोर एक खड्डा आला की माणूस डोक्यावर आपटायचा.

१८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची सायकल काढली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, माणूस मध्ये आणि चेन मागच्या चाकाला. तिला 'सेफ्टी' म्हणजे सुरक्षित सायकल असंच म्हणू लागले. तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरायचा टायर तयार केला. कशासाठी? तर मुलाच्या तीनचाकीला हादरे बसू नयेत म्हणून! तुमच्या पायांखाली आज जी सायकल आहे, ती बहुतेक त्या चार-पाच वर्षांतच ठरली.

तिची फ्रेम एकदा नीट बघा. मागचा भाग त्रिकोण, पुढचा भागही जवळजवळ त्रिकोणच. असं का बरं? आइस्क्रीमच्या तीन काड्या घ्या आणि टोकांना टाचण्या लावून त्रिकोण करा. कसाही दाबा, तो हलत नाही. आता चार काड्यांचा चौकोन करा. दाबलात की लगेच तिरका होतो. भूमितीच्या तासाला "हे पुढे कशाला उपयोगी पडणार?" म्हणणाऱ्यांनी ही टाचणी जरूर लावून बघावी.

सायकलप्रेमींचा जीव असतो तो या फ्रेमवर. चाकं बदलता येतात, सीट बदलता येते, पण फ्रेम बदलली की सायकलच दुसरी झाली. चांगल्या पोलादी फ्रेमच्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. इंग्लंडमधल्या रेनॉल्ड्स कंपनीच्या या युक्तीचं पेटंट १८९७ सालचं आहे. जोड जिथे येतो तिथे जोर पडतो, म्हणून तिथे जाड. मध्ये जोर कमी, म्हणून तिथलं लोखंड वाचवायचं आणि वजन कमी करायचं. पोळी अशी कडेला जाड आणि मध्ये पातळ लाटली तर आई ओरडते. सायकलच्या नळीचं मात्र ते कौतुक!

आता चिमटा मोडल्याची एक गोष्ट ऐका. पुढचं चाक ज्या दोन पायांत धरलेलं असतं त्याला सायकलवाले चिमटा म्हणतात. १९१३ सालची टूर द फ्रान्स. यूजेन ख्रिस्तोफ नावाचा फ्रेंच गडी जिंकणाऱ्यांच्या रांगेत होता. पिरेनीज पर्वतातला तूरमाले घाट उतरताना त्याच्या सायकलचा चिमटा मोडला. त्या वेळचा नियम असा, की दुरुस्ती ज्याची त्याने करायची, कुणाची मदत घ्यायची नाही. ख्रिस्तोफने सायकल खांद्यावर टाकली आणि तो चालत निघाला, दहा किलोमीटरहून जास्त. खाली एका गावात लोहाराचं दुकान सापडलं. लोहार शेजारी उभा, पण हात लावायचा नाही! ख्रिस्तोफने स्वतः लोखंड तापवलं, ठोकलं, चिमटा जोडला. शर्यतीचे अधिकारी बाजूला पहाऱ्याला उभे. पण एक माणूस एकाच वेळी लोखंड धरणार कसं आणि भाता चालवणार कसा? म्हणून लोहाराच्या दुकानातल्या एका छोट्या मुलाने भाता ओढला. बस्स! मदत घेतली म्हणून ख्रिस्तोफला दंडाची मिनिटं लावली. जिंकणं तर राहूनच गेलं. तरी त्याने शर्यत सोडली नाही. पॅरिसला तो सातवा पोचला.

पुढे १९१९ साली या शर्यतीत सर्वांत पुढे असणाऱ्याला पिवळा सदरा द्यायची पद्धत सुरू झाली. तो पहिला पिवळा सदरा कुणाला मिळाला, सांगा? यूजेन ख्रिस्तोफलाच! पण शेवट जवळ आला आणि त्याचा चिमटा पुन्हा मोडला. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा तासाभराहून जास्त वेळ गेला आणि पहिला नंबर हुकला. दोन वेळा एकाच माणसाच्या नशिबी हे! वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एक मुलगी चिडून म्हणाली, "बाई, भाता ओढला तर काय बिघडलं?" मलाही तसंच वाटतं.

हल्ली शर्यतीच्या सायकली पोलादाऐवजी कार्बनच्या धाग्यांपासून बनवतात. त्या इतक्या हलक्या होऊ लागल्या, की जागतिक संघटनेला २००० साली नियम करावा लागला. शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये! दूधवाल्याची काळी सायकल वीस किलोच्या घरात जाते. म्हणजे जवळजवळ तिप्पट. तरीही लांब फिरायला जाणारे कितीतरी शौकीन पोलादच पसंत करतात. का? कार्बनची फ्रेम आपटली तर आतली चीर बाहेरून दिसेलच असं नाही. पोलाद वाकलेलं डोळ्यांना दिसतं आणि गावोगावी वेल्डिंगवाला भेटतो. गिअरबद्दल फार बोलत नाही. घाट चढायचा असेल तर ते हवेतच. पण घर ते शाळा सपाट रस्ता असेल तर एकवीसपैकी वीस गिअर नुसते गंजत बसतात. त्यापेक्षा ब्रेक चांगले बघून घ्या.

बरं, आता तुमच्या आवडीचा विषय, रंग!

तुमच्या आजोबांच्या काळी सायकल म्हटली की काळी. हीरो, अॅटलास, हर्क्युलस, रॅले, नाव कुठलंही असो. भट्टीत भाजून पक्का केलेला तो चकचकीत काळा रंग वर्षानुवर्षं टिकायचा, ग्रीसचे डाग पोटात घ्यायचा. कडेला बारीक सोनेरी रेघा. अनेक सायकलींच्या मागच्या मडगार्डचा टोकाचा भाग पांढरा रंगवलेला असे. अंधारात मागून येणाऱ्याला दिसावा म्हणून. यातल्या अॅटलासचा साहिबाबादचा मोठा कारखाना बंद पडला तो २०२० साली, ३ जूनला. आणि ३ जून म्हणजे जागतिक सायकल दिन! माझ्या वडिलांची अॅटलास होती. ती बातमी वाचून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

रंगाचं वेड मात्र साऱ्या जगात आहे. इटलीतल्या मिलान शहरात एदुआर्दो बियांकी यांनी १८८५ साली सायकली बनवायला सुरुवात केली. त्यांच्या सायकलचा रंग ना धड निळा, ना धड हिरवा. नदीच्या पाण्यावर सकाळचं आकाश पडावं तसा. इटालियन भाषेत त्याला 'चेलेस्ते' म्हणतात, म्हणजे आकाशी. हा रंग कुठून आला याच्या तीन-तीन कथा सांगतात. कुणी म्हणतं, तो इटलीच्या राणीच्या डोळ्यांचा रंग. कुणी म्हणतं, मिलानच्या आभाळाचा. आणि तिसरा हळूच सांगतो, की सैन्याचा उरलेला रंग स्वस्तात मिळाला म्हणून तो वापरला! मला तिसरी कथा फार आवडते. कारण फाउस्टो कॉप्पी या थोर सायकलपटूने १९४९ आणि १९५२ साली टूर द फ्रान्स जिंकली ती याच रंगाच्या बियांकीवर, आणि मग तो रंग अख्ख्या इटलीचा लाडका झाला.

म्हणजे रंग तुमच्या हौसेचा. त्यात शौकीन मंडळी कुणाचं ऐकत नाहीत, तुम्हीही ऐकू नका. मुलीसाठी गुलाबी आणि मुलासाठी निळी, असं दुकानदार म्हणाला तर अजिबात ऐकू नका! एवढंच लक्षात असू द्या, की दिवेलागणीनंतर कुठलाही रंग काळाच दिसतो. तेव्हा कामाला येतात ते मागचा लाल रिफ्लेक्टर आणि चाकांच्या तारांमध्ये बसवलेले पिवळे. ते निखळले की लगेच दुसरे लावायचे.

रंगाची आणि कुलपाची मिळून एक मजेदार हकिगत आहे. ती घडली नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅममध्ये, सायकलींच्या माहेरघरी. १९६५ साली 'प्रोव्हो' नावाच्या तरुणांच्या एका गटाला वाटलं, शहरात मोटारींचा धूर फार झाला. त्यांनी काही सायकली पांढऱ्या रंगवल्या आणि कुलूप न लावता रस्त्यावर सोडून दिल्या. ज्याला हवी त्याने घ्यावी, जायचं तिथे जावं, दुसऱ्यासाठी तिथेच ठेवावी. किती छान कल्पना! पण पोलिसांनी त्या सायकली जप्त केल्या. कारण विचाराल तर, सायकल कुलूप न लावता रस्त्यावर ठेवणं हाच तिथे गुन्हा! मग त्या पोरांनी काय करावं? सायकलींना आकड्यांची कुलपं लावली आणि कुलूप उघडायचा आकडा सायकलवरच रंगवून टाकला!

त्याच ॲमस्टरडॅममध्ये आज लोक मागच्या चाकाला एक कुलूप आणि वर जाड साखळी, अशी दोन-दोन कुलपं लावतात. तरी चोऱ्या होतात, आणि कितीतरी सायकली तिथल्या कालव्यांत जाऊन पडतात. दर वर्षी बारा ते पंधरा हजार सायकली पाण्यातून बाहेर काढाव्या लागतात असं सांगतात. म्हणून कित्येक जण शहरात वापरायला मुद्दाम जुनी, खरवडलेली सायकल ठेवतात, किंवा तिच्यावर असली चित्रविचित्र नक्षी काढतात की चोराने ती गर्दीतही लपवू नये.

आता माझी फजिती सांगते. मी डी.एड.ला होते तेव्हाची गोष्ट. माझी लाल सायकल होती, वडिलांनी पैसे साठवून घेतलेली. आपल्याकडे असतं तसंच मागच्या चाकाला गोल कुलूप. संध्याकाळी ग्रंथालयाबाहेर लावली, टक्‌ करून कुलूप दाबलं, किल्ली कंपासपेटीत. तासाभराने बाहेर आले तर सायकल नाही! किल्ली माझ्या हातात आणि सायकल गायब. ते कुलूप फक्त चाक फिरू देत नाही, एवढंच त्याचं काम. चोराने मागचं चाक उचलून धरलं असेल आणि पुढच्या चाकावर सायकल ढकलत नेली असेल, मालक असल्यासारखी.

पोलीस चौकीत गेले. हवालदारकाकांनी विचारलं, "ताई, कंपनी कोणती?" मी सांगितली. "रंग?" म्हटलं, "लाल." "नंबर?" मी गप्प. सायकलला नंबर असतो, हेच मला माहीत नव्हतं! ते म्हणाले, "या शहरात लाल सायकली किती असतील, सांगा बघू?" ती सायकल मला परत मिळाली नाही. पुढचं दीड वर्ष मी कॉलेजला चालत जात होते, रोज पाऊण तास. वडील एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा मी जे शिकले नव्हते ते न्यूयॉर्कमध्ये एका माणसाने १९७२ साली करून दाखवलं होतं. इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराचं पोलादी कुलूप तेव्हा नुकतंच निघालं होतं, क्रिप्टोनाइट नावाचं. कंपनीच्या मायकेल झेन यांनी ते लावून एक सायकल भर वस्तीत खांबाला बांधली आणि तीस दिवस तशीच सोडून दिली. तीस दिवसांनी काय उरलं? सीट वगैरे जे जे काढण्यासारखं होतं ते सगळं लोकांनी नेलं. पण कुलपाने जे धरून ठेवलं होतं, ते जागच्या जागी होतं!

म्हणून शौकीन सायकलवाले कुलूप विकत घेताना जेवढा विचार करतात, त्याहून जास्त विचार ते लावताना करतात. साखळी मागच्या चाकातून, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणातून आणि एखाद्या पक्क्या खांबातून ओवायची. नुसत्या पुढच्या चाकाला लावली तर चोर ते चाक तुमच्यासाठी ठेवून बाकीची सायकल घेऊन जातो. खांबही बघून निवडायचा. कंबरेएवढा आखूड असेल तर साखळीसकट सायकल वर उचलून काढता येते. आणि साखळी जमिनीवर लोळू द्यायची नाही, कारण जमिनीवर ठेवून ती ठोकून तोडणं सोपं जातं.

आकड्यांचं कुलूप घेणार असाल तर एक गणित सोडवा. तीन आकड्यांच्या कुलपाला ००० पासून ९९९ पर्यंत १,००० शक्यता. एकेक आकडा लावून बघायला दोन सेकंद धरले तर २,००० सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटं आणि वीस सेकंद. एका सिनेमाच्या मध्यंतरापर्यंतही वेळ नको! चार आकडे घेतलेत की शक्यता १०,००० आणि वेळ साडेपाच तासांहून जास्त. पण तुम्ही जर तुमच्या वाढदिवसाचा आकडा ठेवलात, तर ज्या मित्राने परवा तुमचा केक खाल्ला त्याला दोन सेकंदही पुरतात. महागडं कुलूप म्हणजे बिनघोर, असंही नाही हं! २००४ साली असं उघडकीला आलं, की त्याच क्रिप्टोनाइटची गोल किल्लीची कुलपं साध्या प्लास्टिकच्या बॉलपेनच्या नळीनेही उघडतात. कंपनीला लाखोंच्या संख्येने कुलपं बदलून द्यावी लागली.

राहिला आमचा हिरव्या सायकलवाला. त्याच्या वडिलांना मी पुन्हा भेटले नाही; पोरानेच घरी जाऊन पुस्तक, पेन्सिल आणि टेप काढली आणि भिंतीवर खूण करून दाखवली. त्याची चुलत बहीण नववीत आहे, उंच आहे. तिची चोवीस इंची सायकल तिला लहान होत होती. दोघांच्या घरच्यांनी मिळून अदलाबदल केली. त्याला रडू आलं असणार, कारण बहिणीची सायकल जुनी, रंग पोपडे आलेला. पण पुढच्या सोमवारी तो त्या सायकलवर शाळेत आला तेव्हा ती पिवळीधमक झाली होती! घराच्या फाटकाला लावून उरलेला ऑइलपेंट त्याने स्वतः ब्रशने मारला होता. ओघळ सुकून तसेच राहिलेले. थोडा रंग चेनकव्हरला, थोडा स्वतःच्या बुटाला. म्हणाला, "बाई, ख्रिस्तोफचा सदरा!" आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवून थांबला.

त्याच दिवशी मधल्या सुटीत आम्ही सगळ्यांनी आपापल्या सायकली मैदानात उलट्या केल्या. सायकलचा नंबर बहुधा पायडलच्या आसाखाली ठोकलेला असतो. काही सायकलींवर तो सीटखालच्या नळीवर सापडतो. चिखल खरवडत, चिंध्यांनी पुसत मुलं एकेक आकडा वाचत होती आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेत होती. माझ्याही सायकलचा नंबर एका मुलीने वाचून दिला. पिवळ्या सायकलचा काही केल्या दिसेना. तिथेही रंगाचा जाड थर बसला होता. मग आमचा गडी मांडी घालून खाली बसला आणि एक रुपयाच्या नाण्याने आपलाच रंग खरवडायला लागला. घंटा झाली तेव्हा पहिले तीन आकडे दिसू लागले होते.